ताईचे तास

वैमानिक व्हायला काय लागतं असं विचारलं, की लोक सांगतात, डोळे चांगले लागतात, गणित लागतं, छातीत हिंमत लागते. सगळ्या ऐकीव गोष्टी. खरं विचाराल तर तारखा लक्षात ठेवायची चिवट सवय लागते आणि वाट बघायला दगडासारखं बूड लागतं. ताईजवळ या दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून तर ती नऊ वर्षं टिकली. दुसरं कुणी असतं तर केव्हाच हात टेकून मोकळं झालं असतं.

'ताई' हे तिचं फ्लाइंग क्लबातलं नाव. तिथली पोरं एकोणीस-वीस वर्षांची आणि ही चौतिसाची. पहिल्याच दिवशी एकाने "ताई, जरा सरकता का?" म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढेपुढे शिकवणारे सरही तिला ताई म्हणायला लागले. ते स्वतः सव्वीसचे. त्यांना सगळे छोटे सर म्हणायचे, आणि छोटे सर हिला म्हणायचे, "ताई, नाक खाली घ्या, नाक!" ती म्हणायची, "घेते हो सर." विमानाचं नाक खाली यायचं, हिचं मात्र कायम वरच असतं, असं पोरं मागे म्हणायची. ते काही खरं नव्हतं. दमलेला माणूस मान वर करून बसला, की लोकांना तो गर्विष्ठ वाटतो, एवढंच.

दमायला कारणं होती. पहाटे चार ते दुपारी बारा ती मोठ्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर उभी असायची. लोकांच्या बॅगा वजनकाट्यावर घ्यायच्या, खिडकी हवी की कडेची सीट विचारायचं, आणि दोन किलो जास्त भरले म्हणून शिव्या खायच्या. तिथून दोन बस बदलून क्लब. तिथे विमान मोकळं असलं तर हवा खराब, हवा चांगली असली तर विमान दुरुस्तीला, आणि दोन्ही जमलं तर हिचा पगार अजून जमा व्हायचा असायचा. महिन्याला दीड-दोन तास उडणं झालं तर डोक्यावरून पाणी.

आणि या धंद्याचं पांघरूण आखूड! डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं. शिवाय पेपर असतात, नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाचं तंत्र. रेडिओवर बोलायची वेगळी परीक्षा. डोळे, कान, रक्त, छाती सगळं तपासून डॉक्टरांचा दाखला. शेवटी परीक्षक शेजारी बसून उडवून बघतात, ती चाचणी. आता यातलं प्रत्येक पास झालं तरी कायमचं नाही. पेपर पाच वर्षांनी शिळे होतात, दाखला वर्षाने, चाचणी सहा महिन्यांनी. सगळं एकाच वेळी ताजं असलं तरच अर्ज घेतात. पैसेवाल्याची पोरं दीड वर्षात सगळं उरकतात, त्यांना हे कळतसुद्धा नाही. ताईचे तास वाढायचे तोवर पेपर शिळे व्हायचे, पेपर पुन्हा द्यावेत तर दाखला संपायचा. नेव्हिगेशन तिने दोनदा दिलं होतं, नियम तीनदा. "नियम बदलतील पण मी बदलणार नाही," असं ती म्हणायची. पहिली काही वर्षं लोक त्यावर हसायचे.

आणि बरं, लायसन्स हातात आलं म्हणजे लगेच प्रवासी विमानात बसवतात असं थोडंच आहे? त्यानंतर दोन इंजिनांचं शिक्षण, मग मोठ्या विमानाचं, मग कंपनीची परीक्षा, मग मुलाखत. लायसन्स म्हणजे नुसता उंबरा. पण नऊ वर्षं उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्याला उंबराच घर वाटायला लागतो.

त्या महिन्यात पहिल्यांदाच सगळं जुळून आलं होतं. दाखला ताजा. परीक्षकांची चाचणी तीन आठवड्यांपूर्वी पास. सगळे पेपर चालू. त्यातला हवामानाचा पेपर मात्र तीस तारखेला शिळा होणार होता. आणि सत्तावीस तारखेला लॉगबुकात, म्हणजे ज्या वहीत प्रत्येक उड्डाण लिहून ठेवतात त्यात, बेरीज होती एकशे चौऱ्याण्णव पॉइंट आठ. पाच तास दोन दशांश कमी. तिने तीन दिवसांची रजा टाकली. काउंटरच्या मुख्य बाईंनी विचारलं, "लग्नबिग्न ठरलं की काय?" ताई म्हणाली, "तसंच समजा." घरी बाबांना तिने एवढंच सांगितलं की शेवटचे तास उरलेत. हेही सांगितलं, की या खेपेला नाही झालं, तर पुन्हा करणार नाही. अंगात जोर उरला नाही आता. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "बघ बाई, तुझं तू."

बाबा असेच. कापड कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, कुणाचा जादा वेळ किती, सगळ्या कारखान्याची मिनिटं त्यांच्या हाताखालून गेली. कामगार म्हणायचे, देव एक वेळ पाप माफ करेल, पण हे पाच मिनिटं माफ करणार नाहीत. असा माणूस, पण मुलीच्या लॉगबुकाला कधी बोट लावलं नाही. उड्डाणाचा विषय निघाला, की ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे. चार कुंड्या होत्या, त्यातल्या दोन अतिपाण्यानेच गेल्या. ताईने कधीच ठरवून टाकलं होतं, की बाबांना हे पसंत नाही. आई गेल्यावर घरात दोघंच. जेवताना बोलायचं ते बसच्या वेळांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

अठ्ठावीसला सकाळी ती क्लबात पोचली, तर समोर दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखं धुकं. धावपट्टीच्या पलीकडे पाण्याची एक टाकी होती. ती दिसली तर उडायचं, नाही दिसली तर नाही, हा तिथला साधा हिशोब. टाकी दिवसभर दिसली नाही. पोरं कॅरम खेळत बसली. ताई खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि टाकीच्या जागेकडे बघत राहिली. हवामानात तिला शंभरापैकी एक्याण्णव होते. हे धुकं का पडलंय, किती उंचीपर्यंत आहे, वारा सुटल्याशिवाय का हलणार नाही, हे ती कुणालाही झोपेतून उठून सांगू शकली असती. त्याचा उपयोग काय, कपाळ!

एकोणतीसला अकरा वाजता टाकीचं डोकं दिसलं. छोटे सर ओरडले, "ताई, पळा!" ती पळाली. विमानाची तपासणी केली, चाकं, तेल, पेट्रोलात पाणी नाही ना ते काचेच्या नळीत धरून बघितलं, आणि उडाली. वर ऊन होतं. पावणेबाराला रेडिओवरून परत बोलावलं, कारण टाकी पुन्हा गायब व्हायला लागली होती. विमानातल्या तास मोजणाऱ्या मीटरवर शून्य पॉइंट आठ. म्हणजे बेरीज झाली एकशे पंच्याण्णव पॉइंट सहा. उरले चार पॉइंट चार.

तीस तारखेला धुकं जराही हललं नाही. दुपारी एक वाजला. अर्जाची खिडकी पाचला बंद व्हायची. छोट्या सरांनी तिला आत बोलावलं, दार लोटलं आणि तिच्या पुढ्यात पेन ठेवलं.

"ताई, हे बघा. मागच्या आठवड्यात दोन दिवस हवा छान होती आणि आपलं दुसरं विमान उभंच होतं. सव्वादोन सव्वादोन तास तिथे टाकू. सही माझी."

"आणि विमानाचं मीटर?"

"ते बघतो मी. तुमच्यासाठी म्हणून करतोय. इथे दहा जण असे गेलेत पेनाने उडून, आज कंपनीचा गणवेश घालून फिरतात. तुम्ही काय कमी उडलाय? नऊ वर्षं! साडेचार तासांनी कुणाचं काय बिघडतंय?"

माणूस वाईट नव्हता. खरं सांगायचं तर चांगलाच होता, म्हणून तर अवघड. ताईने पेन उचललं. खोटं कशाला बोला, उचललं. लॉगबुकही उघडलं. ती तिथे बसली होती ती काही संत म्हणून नव्हे. तिला घरी जाऊन झोपायचं होतं. पुन्हा पेपर नको होता, पुन्हा दोन बस नको होत्या. मग तिने पेन खाली ठेवलं.

"नको सर."

"अहो पण का?"

"माझं असं काय आहे सांगा ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "घर भाड्याचं. नोकरी अशी, की उद्या मशीन आलं की मी बाहेर. नऊ वर्षांत मी कमावला तो हा एक आकडा. एकशे पंच्याण्णव पॉइंट सहा. तो तरी माझा खरा असू दे."

छोट्या सरांनी पेन उचललं. पेन खिशात ठेवताना त्यांचे कान लाल झाले होते. पाच वाजता ताई बसमध्ये होती.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि दारातच सांगून टाकलं, "बाबा, संपलं. आता नाही करायचं." बाबा काहीतरी म्हणायला गेले आणि खोकलेच. स्वयंपाकघराच्या दाराआड बाबांचा रद्दीचा गठ्ठा असायचा, दर महिन्याच्या एक तारखेला ते तो सुतळीने बांधून ठेवायचे. ताईने लॉगबुक आणि त्याबरोबरची जाडी फाइल त्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली. आदळली नाही, नुसती ठेवली. आदळायलासुद्धा जोर लागतो. मग ती जेवली, भांडी घासली आणि आठ वाजता झोपली.

दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर गेली. मुख्य बाईंनी विचारलं, "काय, झालं का लग्न?" ताई म्हणाली, "मोडलं." बाई इतक्या ओशाळल्या, की त्या दिवशी त्यांनी तिला दोनदा चहा पाठवला.

दुपारी दोनला ती घरी आली, तर बाबा जेवायच्या टेबलाशी बसलेले. जेवण झाकलेलंच होतं. रद्दी तशीच विखुरलेली, सुतळीचा गुंडा खुर्चीखाली. टेबलावर लॉगबुक उघडं, फाइलमधले कागद ओळीने मांडलेले, हातात पट्टी आणि तासलेली पेन्सिल. ताईने असं त्यांना कारखान्यात पाहिलं होतं, लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा.

"बस," बाबा म्हणाले. "मला एक सांग. ही पहिली पानं कुठल्या क्लबची?"

"जुन्या. तो बंद पडला तो. का?"

"आणि हे तू मागून लिहिलंस. एका बैठकीत. शाई एक, हात एक."

बरोबर होतं ते, आणि कसं झालं तेही तिने सांगितलं. पहिलं लॉगबुक क्लबाच्या गळक्या खोलीत भिजलं होतं, शाई सगळी पसरली होती. तेव्हा ती नवीन क्लबात आलेली होती. जुन्या क्लबाच्या कारकुनाने जाता जाता रोजच्या उड्डाण-पत्रकांच्या प्रती सही-शिक्का मारून दिल्या होत्या, त्यावरून तिने चौऱ्याहत्तर उड्डाणं एका रविवारी बसून नव्या वहीत उतरवली होती.

"चौतीस वर्षं मी लोकांचे तास लिहिले," बाबा म्हणाले. "माणूस कधी सव्वा तास थांबतो, कधी पावणेदोन. या पुढच्या पानांवर बघ, पॉइंट सात आहे, आठ आहे, नऊ आहे. आणि या पहिल्या चौऱ्याहत्तर ओळींत पॉइंट पाचच्या वर एकही आकडा नाही. सहा नाही, सात नाही, आठ नाही, नऊ नाही. एकदाही! असं होत नाही बाळा. माझ्या हजेरीपटात असं दिसलं असतं, तर मी मॅनेजरला उठवला असता."

ताई अजून उभीच होती. बाबांनी पत्रकाचा कागद पुढे सरकवला, पट्टी एका ओळीखाली धरली.

"हे काय लिहिलंय?"

"एक पॉइंट चार पाच."

"पॉइंट नाही गं! टिंब आहे ते. आम्हीही असंच लिहायचो. एक तास, पंचेचाळीस मिनिटं. पावणेदोन! आणि तू वहीत काय उतरवलंस? एक पॉइंट चार."

नव्या क्लबात विमानाला मीटर होतं. ते तासाचे दहा भाग करून दाखवायचं, एक भाग सहा मिनिटांचा. दोन-तीन महिने तेच बघून तिच्या डोळ्यांना टिंब म्हणजे दशांशच झाला होता. एक पंचेचाळीसचं तिने एक पॉइंट चार पाच वाचलं, आणि जास्त नको म्हणून शेवटचा पाचही सोडून दिला. शंका आली तिथे कमी धरायचं, हा बाबांचाच धडा. एका ओळीत एकवीस मिनिटं गेली. अशा चौऱ्याहत्तर ओळी. नंतर कितीक जणांनी ते लॉगबुक तपासलं. पण सगळे टपलेले असतात ते जास्त लिहिणाऱ्याला पकडायला. कुणी स्वतःचेच तास चोरून कमी लिहील, हे कुणाच्या बापाच्या डोक्यात येणार? एका बापाच्या आलं, तेही आज.

तिला आठवलं, तेव्हा बेरीज शहाऐंशीच्या आतच आली होती, आणि तिला वाटलं होतं, अरे, माझे तर शंभर ओलांडले होते ना? पण माणसाला स्वतःपेक्षा कॅल्क्युलेटर खरा वाटतो.

"मी दोनदा केली बेरीज," बाबा म्हणाले. "एकशे चार तास वीस मिनिटं आहेत तिथे. साडेअठरा तास तू खाऊन टाकलेस! म्हणजे आज तुझे दोनशे चौदा भरतात. अगं, दोनशेच लागतात ना? चौदा वर आहेत! ही घे पेन्सिलची ओळ, दोनशे तू इथेच भरलेस, आठ महिन्यांपूर्वी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जा, घेऊन जा ते लायसन्स. मी कपडे करतो, मीही येतो."

आठ महिन्यांपूर्वी. तेव्हा सगळे पेपर ताजे होते. त्यानंतरची प्रत्येक बस, प्रत्येक उपाशी दुपार, धुक्यात टाकी शोधत बसलेले ते तीन दिवस, सगळं ज्यासाठी केलं ते तिच्या फाइलमध्ये पडून होतं. आणि काल छोट्या सरांना काय ऐटीत सांगून आली होती, हा एक आकडा माझा खरा आहे म्हणून. तोही चुकलेला!

बाबा उठून शर्टाची बटणं लावायला लागले होते.

"बाबा," ती म्हणाली, "आज एक तारीख आहे."

बाबांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. त्यांना तारीख कळायला वेळ लागला नाही, तारखांमध्येच जन्म गेलेला. त्यांनी रद्दीकडे बघितलं, लॉगबुकाकडे बघितलं, आणि हळूच परत खुर्चीत बसले.

"काल बघितलं असतं तर?"

"काल झालं असतं."

ती हे रागाने बोलली नव्हती, पण बाबांचा चेहरा पडला तो बघवेना. शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला.

"इतकी वर्षं हे कपाटात असायचं," बाबा म्हणाले. "मी पुसायचो कपाट, वही उचलायचो, खालची धूळ पुसायचो आणि परत ठेवायचो. उघडली नाही. तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला पसंत नाही."

"मग?"

"भीती वाटायची गं. यातली एकेक ओळ म्हणजे तू वर होतीस आणि मला माहीत नव्हतं. वाचायला लागलो असतो तर मोजायला लागलो असतो. आणि एकदा मोजायला लागलो, की मग तू येईपर्यंत घड्याळाकडे बघत बसलो असतो. कारखान्यात चौतीस वर्षं लोक बाहेर कधी येतात ते बघत बसलो. घरी नाही जमलं मला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "साऱ्या जगाचे तास मोजले. तुझेच तेवढे राहिले."

ताईला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. दमलेल्या माणसाला येतं तसलं, पोटातून, न थांबणारं. बाबा आधी घाबरले, मग तेही खुदकन हसले. मग मात्र ती रडली, टेबलावर डोकं ठेवून, पत्रकाच्या एक पंचेचाळीसवर. बाबांनी कागद हळूच तिच्या डोक्याखालून काढून घेतला, भिजू नये म्हणून. एकदा भिजण्याचा काय प्रताप झाला होता तो त्यांना आता ठाऊक होता.

नंतर त्यांनी जेवण गरम केलं. दोघं जेवली. बाबांनी लॉगबुक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रद्दीपासून लांब, खिडकीत ठेवलं आणि सुतळी हातात घेतली. गठ्ठा बांधता बांधता त्यांनी विचारलं, जसं बसची वेळ विचारावी तसं.

"तो हवामानाचा पेपर पुन्हा कधी असतो?"

तिने काल दारातच सांगितलं होतं, आता नाही म्हणून. तिने खरकटी ताटं एकात एक ठेवली. पाय दुखत होते. पहाटे चारला पुन्हा काउंटर होतं.

"तीन महिन्यांनी," ती म्हणाली. "चाचणी तोवर चालते."

"किती वेळाचा?"

"अडीच तासांचा."

"मग घरी सोडवून बघ रविवारी," बाबा म्हणाले आणि सुतळीची गाठ आवळली. "वेळ मी लावतो."